दार कुणी उघडलं

"बाई, तुमी सांगितलं आसंल तर सांगा. मी रागावनार न्हाई."

बायडा माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. शनिवारची दुपार, दीडचा सुमार. मागच्या शेडमध्ये मिरची कांडप चाललं होतं, तिथून ती तशीच उठून आली होती. हात कोपरापर्यंत लाल, पदर खोचलेला, पाय अनवाणी.

"काय सांगितलं, बायडा?"

"माझी तानी कुटल्या साळंत हाय त्ये."

मी खुर्चीतून उठले.

"त्यो आला हुता. सकाळची साळा सुटता सुटता. मास्तरांचा फोन आलाय हापिसात. बाप हाय म्हनला, कागूद दावला, घिऊन गेला." तिनं श्वास घेतला. "आन् बाई, त्यानं तानी म्हनून न्हाई मागितली. सुमन म्हनून मागितली."

मी टेबलावरच्या कंप्युटरकडं बघितलं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी 'ओवरी'त कामाला होते. कृष्णेच्या काठी, कराडच्या अलीकडं, एका बंद पडलेल्या तेलघाण्याच्या आवारात ही संस्था होती. मार खाऊन घर सोडलेल्या बायका तिथं राहायच्या. मिरची कांडायच्या, मेतकूट दळायच्या, हळूहळू मान वर करून बोलायला लागायच्या. त्यांची पोरं मात्र आम्ही तिथं फार दिवस ठेवत नसू. नवरा आधी पोरावरच झडप घालतो, हा जुना अनुभव. म्हणून पोरं लांबच्या शाळांत, वसतिगृहांत, दुसऱ्या नावांनी. बायडाची तानी घाटाखालच्या एका गावात 'सुमन' झाली होती. सहा वर्षांची. नव्या नावाला 'ओ' द्यायला तिला आठ दिवस लागले होते.

पोरांची ही नोंद पूर्वी लोखंडी कपाटातल्या एका वहीत असे आणि किल्ली विश्वस्त आण्णांकडं. तीन आठवड्यांपूर्वी मी ती कंप्युटरवर घेतली होती. ती यादी कुणालाच सरळ दिसत नसे. तिच्यापुढं मी एक दार बसवलं होतं. दार म्हणजे डेटाबेसमधलं एक फंक्शन, पण आम्ही सगळे त्याला दारच म्हणायचो. माझ्याखेरीज पाच माणसांना, आण्णा धरून, त्या दाराला हाक मारायची परवानगी होती. हाक मारली की एका मुलाची एकच ओळ दिसे, आणि कुणी, कधी उघडलं ते आपोआप दुसऱ्या वहीत उतरे. यादी वाचायचा अधिकार त्या पाचांपैकी कुणालाच नव्हता, फक्त मला होता. म्हणून दार माझ्या अधिकारानं चाले. घडीभर माझा अधिकार उसना घ्यायचा, एक ओळ वाचायची, परत करायचा, अशी रीत मी घालून दिली होती. मला तिचा अभिमान होता.

"ह्या नावाची खबर मला हाय," बायडा म्हणाली, "आन् तुमच्या ह्या डब्याला हाय. मी तर कुनापाशी बोलले न्हाई. झोपंत बी न्हाई."

"मी नाही सांगितलं गं. आईशप्पत नाही."

"सांगितलं आसंल तरी मी कायसुदिक म्हननार न्हाई. माझं येवडंच इचारनं हाय." तिचा आवाज अगदी शांत होता, विस्तवावर राख असावी तसा. "ज्यानं त्येला सांगितलं, त्यो त्येच्याशी बोलला आसंल का न्हाई? मग कुटं निगालाय, पोर कुनाकडं ठिवनार हाय, त्ये बी कानावर आलं आसंल. तेवडं कळूं द्या. गावाकडं घराला कुलूप हाय म्हनं. त्यो तिला उसाच्या टोळीत टाकंल न्हाईतर कुटं कर्नाटकात न्हील. मग मी कुटं हुडकू?"

तिच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं होतं. भानुदासनं, तिच्या नवऱ्यानं, ते उंबऱ्यावर ठेवून पायानं मोडलं होतं. त्या हातानं ती माझ्या टेबलाची कड धरून उभी राहिली. कडेवर मिरचीचे चार लाल ठसे उमटले.

आण्णा सांजेला आले. धोंडीराम जगदाळे, निवृत्त नायब तहसीलदार, संस्थेचे विश्वस्त. अकलूजला पुतणीचं लग्न होतं, ते अर्ध्यात टाकून आले होते. खांद्यावर लग्नातलं उपरणं तसंच. त्यांनी माझ्याकडून वहीचं पान छापून घेतलं, चष्मा लावला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"शुक्रवार. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. सुमन शंकर पवार. उघडणार…" त्यांनी मान वर केली. "सुलक्षणा."

"आण्णा, वरची ओळ बघा. तिच्या वरची बघा. सगळ्या पानावर माझंच नाव आहे."

"म्हणजे सगळीच पोरं तू उघडून बघितलीस?"

"नाही हो. उघडणारे वेगवेगळे आहेत. नाव माझं पडतंय. दारात खोट राहिलीये. मला गुरुवारी कळलं."

"गुरुवारी कळलं आणि शनिवार उजाडला?"

 दाराला हात लावायचा तर आण्णा समोर हवेत, असा नियम होता. तो मीच सुचवला होता. सोमवारी ते आले की करू, दोन-तीन दिवसांनी काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं होतं. एक फोन करायला हवा होता. लग्नाच्या मांडवात माणसाला कशाला त्रास, म्हणून केला नाही.

"बाकीच्या चौघांनी कधी लॉगिन केलं ते दिसत नाही का कुठं?"

"सगळे सकाळी साडेनऊला करतात आणि दिवसभर तसंच चालू ठेवतात. त्यावरून काही कळायचं नाही."

"पोरी," आण्णा उपरणं घडी करत म्हणाले, "मी तीस वर्षं कागदावर माणसं ओळखली. कागदावर तुझं नाव आहे. उद्या सकाळी नऊला बसू. तोवर तू त्या कंप्युटरला हात लावू नकोस."

खोलीत अंधारून आलं तरी मी दिवा लावला नाही. मग वैजूताई चहा घेऊन आली.

वैजूताईबद्दल काय सांगू? वैजयंता भोईटे. ओवरीची समुपदेशक, पन्नाशीची, ठसठशीत कुंकू, हसली की खांदे हलायचे. मी तेविसाव्या वर्षी डिप्लोमाचा कागद घेऊन इथं आले तेव्हा आई जाऊन चार महिने झाले होते, आणि वडिलांच्या घरात मी पाहुणी झाले होते. वैजूताईनं मला पहिल्या रविवारी जवळ बसवून डोक्याला तेल लावलं. दर संक्रांतीला खण दिला. आजारात उशाशी बसली. आणि ओव्या दिल्या. तिच्या गळ्यात शेकड्यांनी होत्या, काही तिच्या आईच्या, काही तिच्या स्वतःच्या. बायका दळायला बसल्या की ती आधी सुरू करायची. त्यातली एक ती माझ्याकडं बघतच म्हणायची:

*शेजी माझी बाई, तिला कवाडाची जाण*
*उघडं ठेविते मी, तिच्या शब्दाची राखण*

मला माहेर नव्हतं. तिनं ते दिलं. मी तिला आईला म्हणावं तसं 'तू' म्हणायचे.

"घे, गरम आहे तोवर," ती म्हणाली.

"ताई, सगळे म्हणतायत मीच सांगितलं."

"म्हणू देत. चार दिवस म्हणतील."

"चार दिवस? अगं, तोवर तानी कुठं जाईल? सगळे माझ्याच तोंडाकडं बघत बसलेत आणि माझ्याकडं सांगायला काही नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला कुणी विचारतच नाहीये." मी तिचा हात धरला. "उद्या तू फक्त एवढं सांग. गुरुवारी मी तुला बोलले होते, वहीत माझंच नाव पडतंय म्हणून. एवढं सांगितलंस की आण्णांना पटेल. मग ते बाकीच्यांना विचारायला लागतील."

तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. "जेवून घे," म्हणाली, आणि कप घेऊन गेली.

गुरुवारी आम्ही दोघी तेलघाण्याच्या मागच्या पायरीवर डबा खात होतो. चिंचेची सावली होती. ती भाकरीवर ठेचा वाढत होती आणि मी तिला माझी फजिती सांगत होते.

"सकाळी सहज वही बघितली, ताई. तू मंगळवारी उघडलं होतंस ना, त्या धाकट्या पोराचं? तिथं माझं नाव. गृहमातेनं उघडलेलं, तिथं माझं. दार माझ्या अधिकारानं चालतं, म्हणून आत गेलेलं कुणीही असो, विचारलं की नाव माझंच निघतं."

"म्हणजे?"

"म्हणजे बघ, दार उघडायला तू हाक मारलीस. पण आत जाताना तू तुझी राहिलीच नाहीस, माझा अधिकार पांघरलास. आणि मी मूर्ख, आत गेल्यावर विचारतेय, कोण आहे? ते म्हणणार, सुलक्षणा."

वैजूताईचा घास हातातच राहिला. मग तिचे खांदे हलायला लागले. "अगं सुले, हे तर अंगात आल्यासारखं झालं! आमच्या गावची ठकूबाई. आंबाबाई अंगात आली की विचारायचं, 'तू कोण?' तर ती म्हणणार, 'मी तुळजापूरची.' ठकूबाई म्हणून काय तोंडातनं निघायचं नाही. एकदा तिनं त्या नादात पाटलाच्या कानफटात मारली. मारली कुणी? देवीनं! पाटील गाल चोळत पाया पडला."

मला इतकं हसू आलं की पाणी नाकात गेलं.

"तसंच आहे," मी म्हणाले. "आता विचारायचं ते असं, की बाई, हे अंग कुणाचं? लॉगिन कुणी केलं? एक शब्द बदलायचाय. सोमवारी आण्णा आले की करते. तोवर कुणाला बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलतेय," ती म्हणाली. तिनं तिच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या डब्यात ठेवली.

रविवारी नऊ वाजता आण्णांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. आण्णा, वैजूताई, मी आणि बायडा. बायडाला बाहेर थांब म्हटलं तर ती म्हणाली, "पोर माझी हाय," आणि भिंतीला टेकून खालीच बसली. खुर्ची दिली ती घेतली नाही.

"आण्णा," मी म्हणाले, "मला कंप्युटरला हात लावायचा नाही म्हणालात. तर तुम्हीच लावा. तुमच्या नावानं लॉगिन करा, आणि दार उघडा."

"कुणाचं उघडू?"

"तानीचं."

एका एका बोटानं त्यांनी टंकलं. ओळ आली. सुमन शंकर पवार, इयत्ता पहिली, गाव, शाळा, मास्तरांचा नंबर. बायडाला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तोंड वळवलं.

"आता वही बघा."

आण्णांनी बघितली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितली. "रविवार, नऊ अठरा. सुलक्षणा." ते माझ्याकडं वळले. "अगं, पण आत्ता तर मी उघडलं!"

"हेच मी काल सांगत होते. दार आत गेल्यावर माझ्या रूपानं उभं राहतं. त्याला 'तू कोण' विचारलं तर ते माझंच नाव सांगणार. विचारायला हवं होतं, 'तुला हाक कुणी मारली?'"

त्यांच्यासमोर मी ती एक ओळ उघडली आणि एक शब्द बदलला. आण्णांनी पुन्हा तानीचं नाव टंकलं. या वेळी वहीत 'जगदाळे' उमटलं. आण्णांनी त्या नावावर बोट ठेवलं. मला वाटलं, सुटले. आता पुढचं विचारतील.

पण तीस वर्षं कागद वाचलेला माणूस तो. खुर्चीत मागं रेलले.

"शब्द तू बदलू शकतेस, हे मी आत्ता डोळ्यानं बघितलं," ते सावकाश म्हणाले. "एका मिनिटात बदललास. मग शुक्रवारी ही खोट होती आणि तू ती काल मास्तरांचा फोन आल्यावर घातली नाहीस, हे मी कशावरून धरू?"

बायडानं मान वर केली. तिला यातलं दार कळलं नसेल, पण आपली पोर या घडीला एका शब्दावर अडकलीये हे तिला बरोबर कळलं होतं.

"वैजूताईला विचारा," मी म्हणाले. "मी तिला गुरुवारीच सांगितलं होतं. जेवताना. चिंचेखाली. सांग ना, ताई."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती मांडीवरच्या पदराची चुणी बोटानं सपाट करत होती. एकदा केली, पुन्हा केली.

"कामाच्या धबडग्यात किती गोष्टी कानावर येतात," ती म्हणाली. "मला नाही गं आठवत, सुले."

"ताई?"

"तू घाबरलीयेस." ती आण्णांकडं वळली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. "आण्णा, पोरीला सांभाळून घ्या. लहान आहे. चुकून कुणाशी बोलली असेल. तिला आई नाही."

ज्या तोंडानं ती मला ओव्या ऐकवायची त्याच तोंडानं ती हे बोलली. तोच आवाज, तीच माया. मी ओरडायला हवं होतं. पण माझ्या मनात त्या क्षणी काय आलं असेल? की खरंच मी तिला गुरुवारी सांगितलं नव्हतं का? ते माझ्या मनातच घडलं का? इतकी मी तिची होते.

 आण्णांनी पेनाचं टोपण काढलं.

"अंगात येन्याचं ना ह्ये?" बायडा म्हणाली.

"काय?"

"आता ह्या बाई बोलल्या, दार ह्येंच्या रूपानं हुबं ऱ्हातं, नाव ह्येंचंच सांगतं. ह्ये अंगात येन्याचं झालं. ठकूबाय न्हाई का, पाटलाच्या कानफटात मारली ती." ती कुणाकडंच बघत नव्हती, जमिनीकडं बघून आठवून आठवून बोलत होती. "वैजूताईंनी सांगितलं आमास्नी. बिस्तरवारी सांजचं, मेतकूट दळताना. 'सुलीच्या डब्याच्या अंगात सुली येती, कुनीबी उघडा, नाव सुलीचं' म्हनल्या. आमी समद्या हासलो. मला काय त्यातलं कळलं न्हाई, पर ठकूबायला हासले."

बिस्तरवारी. गुरुवारी.

आण्णांनी पेन खाली ठेवलं. वैजूताईची बोटं पदरावर थांबली होती.

"वैजयंताबाई," आण्णा म्हणाले, "आत्ता तुम्ही म्हणालात, आठवत नाही."

 बाहेर कांडपाचं मशीन सुरू झालं, आणि त्याचा धडधडाट खोलीच्या जमिनीतून पायांना लागायला लागला.

"बेलभंडार उचलला होता त्यानं," ती शेवटी म्हणाली. इतकं हळू की आण्णांना पुढं वाकावं लागलं. "शुक्रवारी दुपारी बाजारात गाठलं मला. तिसऱ्यांदा आला होता. आमचं कुलदैवत एकच, पालीचा खंडोबा. हातात बेलाचं पान, त्यावर भंडारा, भर रस्त्यात उभा. म्हणाला, लांबून बघीन, पोरीला दिसणारसुद्धा नाही. डोळे भरून आले होते त्याचे. मी परत येऊन फोनवर त्याला शाळा सांगितली. बेलभंडार उचलून खोटं बोलणारा माणूस मी आजवर बघितला नव्हता, आण्णा. माझ्या बापानं त्यावर अख्खं रान सोडलं होतं."

"आन् त्यो कुटं हाय?" बायडा उठून उभी राहिली होती.

"बायडा, मला वाटलं…"

"तुमाला काय वाटलं त्ये ऱ्हाऊ द्या, ताई. कुटं हाय?"

"जतच्या पुढं. त्याची थोरली बहीण दिलीये तिथं. तिच्याकडं." वैजूताईनं गावाचं नाव सांगितलं. "काल सांजेला फोन आला होता. पोरगी खुशाल आहे म्हणाला."

काल सांजेला. म्हणजे माझ्यासाठी चहा घेऊन आली त्याच्या आधी, की नंतर? मी विचारलं नाही. आजही मला ठाऊक नाही.

बायडानं ते नाव दोनदा पुटपुटलं, पाठ केल्यासारखं, आणि आण्णांना म्हणाली, "चला, फोन लावा पोलिसास्नी." रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. आण्णांच्या आधी दाराबाहेर पडली.

आम्ही दोघीच उरलो. पडद्यावर अजून वही उघडी होती, वरून खालपर्यंत माझं नाव, आणि शेवटी एकदा 'जगदाळे'.

"बाजारातनं परत आलात," मी म्हणाले, "आणि तीन वाजून दहा मिनिटांनी दार उघडलंत. माझं नाव पडणार, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

'तुम्ही' ऐकून ती दचकली. कुणी हातातून काही काढून घ्यावं तशी.

"सुले…"

"ठाऊक होतं ना?"

"ठाऊक होतं म्हणून तर उघडलं," ती म्हणाली. "एरवी माझं धाडस झालं नसतं. मला वाटलं, तो लांबून बघेल, जाईल, वही कोण बघतंय? सोमवारी तू नीट करणारच होतीस. आणि पुढं काही निघालंच, तर तू शिकलेली, तरुण. तुला कुठंही काम मिळेल. मला या वयात ओवरीबाहेर काढलं तर मी कुठं जाऊ? एवढंच मनात आलं. एक क्षणभर. तू काही परकी नाहीस, तू समजून घेशील, असं वाटलं."

परकी असते तर माझ्या नावाआड ती लपली नसती. हे तिनं मला समजावून सांगितलं, शांतपणे, ओवीचा अर्थ सांगायची तसं.

त्या दोन दिवसांत बायडा दळत राहिली. कांडपाचं मशीन सोडून ती जुन्या जात्यावर बसायची, दळायला काही नसलं तरी. तिचा गळा काही फार गोड नव्हता, पण पहाटेपासून शेडमधून एकच ओवी येत राहायची:

*लेक गेली दूर, डोळा लागला वाटंला*
*पाखराच्या पायी, निरोप बांधू कुणाला*

दुसऱ्या कुणी तिला साथ दिली नाही. साथ द्यायची ती वैजूताईच असायची.

मंगळवारी दुपारी जीप आली. वैजूताईचा जबाब व्हायचा होता म्हणून आण्णांनी तिला तोवर आवारातच थांबायला सांगितलं होतं. ती फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसली होती, बाजूला एक पत्र्याची पेटी आणि गुंडाळलेली वळकटी. येता जाता बायका तिला वळसा घालून जात होत्या. मी खिडकीशी उभी होते. खिडकीतून कट्टा दिसत होता, म्हणूनच उभी होते.

जीपमधून आधी एक महिला पोलीस उतरली, मग तानी. अंगात आत्याच्या पोरीचा असावा असा ढगळ फ्रॉक, केसांच्या जटा. तिनं भांबावून इकडं तिकडं बघितलं. बायडा शेडमधून धावत येत होती, पण शेड लांब होती. आणि कट्ट्यावर, अगदी समोर, वैजूताई बसली होती. तानी ओवरीत होती तोवर रोज तिची वेणी घालणारी, तिला फुटाणे देणारी.

"ताई!" तानी ओरडली आणि धावत सुटली. कट्ट्यापाशी जाऊन तिनं वैजूताईच्या कमरेला मिठी मारली, पोटात तोंड खुपसलं आणि मग कुठं मोठ्यानं रडायला लागली. पोरीला काय ठाऊक?

वैजूताईचे हात हवेतच राहिले. मग खाली आले, पोरीच्या पाठीवर. जटांमधून बोटं फिरायला लागली, सवयीनं, गुंता सोडवत.

बायडा पोचली. दोन पावलांवर थांबली. धापा टाकत तिनं ते बघितलं.  मग ती पुढं गेली, वाकली, आणि तानीचे हात एकेक करून तिथून सोडवून घेतले. वैजूताईच्या तोंडाकडं तिनं एकदाही बघितलं नाही. पोरीला काखेत घेऊन ती शेडकडं चालायला लागली, आणि तिच्या खांद्यावरून तानी मागं हात करून वैजूताईला बोलावत राहिली.

आण्णांनी मला नंतर कितीतरी वेळा विचारलं, तू तेव्हा तिला काही बोलली का नाहीस? खिडकीशी उभी होतीस, चार शब्द सुनवायचे. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

खरं सांगायचं तर त्या घडीला माझ्या मनात राग नव्हताच. मला त्या पोरीचा हेवा वाटत होता. तिला अजून काही कळलेलं नव्हतं.